‘कशावरून?’ विचारायला शिका: पुण्यात राहून दगड, प्राणी आणि समुद्रकिनारा समजून घेताना

वेताळ टेकडीवर जुनी खाण आहे ना, तिथं मी दोन वर्षं रोज सकाळी चालायला जात होते. समोर काळ्या दगडाची भिंत, खाली साचलेलं पाणी, कधी पाण्यावर एखादा खंड्या, बस. भिंतीत बघण्यासारखं काही असेल असं मनातसुद्धा आलं नव्हतं. मग ओळखीतून भूगर्भशास्त्र शिकवून रिटायर झालेले एक सर भेटले, त्यांनी मला दगडापासून चार हातांवर उभं केलं आणि विचारलं, "भोकं कुठं जास्त दिसतायत?" वरच्या अंगाला, मी म्हटलं. "आणि खाली?" खाली दगड घट्ट, एकसंध. "घावन घालतेस ना घरी? तव्यावर पीठ पडलं की जाळी कशी पडते?" आणि एकदम डोक्यात प्रकाश पडला. तापलेल्या लाव्ह्यातला वायू वर चढतो, वरचा थर आधी गार होतो, बुडबुडे तिथंच अडकतात, म्हणजे जाळीदार दगड लागला की समजायचं लाव्ह्याचा एक लोट इथं संपला आणि त्याच्या डोक्यावर पुढचा लोट येऊन बसला. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची ही घडामोड, आणि ती आपल्या कोथरूड-पाषाणच्या मधे उघड्यावर वाचायला मिळते.

हे सगळं नेटवर लिहिलेलं होतंच, पण कुणीतरी शेजारी उभं राहून बोट दाखवेपर्यंत मला दिसलं नव्हतं. तेव्हापासून मी हाच रस्ता धरलाय, जाणकार माणूस शोधायचा, त्याच्यासोबत जागेवर जायचं, आणि विचारायचं. नवीन सुरुवात करणाऱ्यांना हे कसं करायचं ते माझ्या अनुभवातून क्रमाने लिहितेय.

पहिली पायरी: एक जागा धरा आणि आधी एकटे जा

लगेच ताडोबाचं बुकिंग करू नका. घरापासून अर्ध्या तासात पोचता येईल अशी एक जागा निवडा. तळजाई, हनुमान टेकडी, पाषाण तलाव, कात्रजचा जुना घाट, मुळा-मुठेचा काठ, काहीही चालेल. तिथं तीन-चार वेळा जा, वेगवेगळ्या वेळी जा, आणि वहीत फक्त प्रश्न लिहा, उत्तरं नाही. हा लाल मातीचा पट्टा दोन काळ्या दगडांच्या मधेच का? टेकडीच्या या बाजूला एकाच जातीची झाडं का? (ती बहुतेक गिरिपुष्प असतात, बाहेरून आणून लावलेली, आणि त्यावर वनस्पतीवाल्या माणसाशी बोलायला लागलात की तासभर कसा जातो कळत नाही.) हा पक्षी सकाळी सातला ओरडतो, नऊला गप्प, का?

दहा प्रश्न जमले की तुम्ही कुणाशी तरी बोलायला तयार झालात. प्रश्न नसताना जाणकाराकडे गेलं की तो बिचारा अख्खा विषय पहिल्यापासून सांगायला लागतो आणि घरी येईपर्यंत आपण सगळं विसरलेलो असतो.

सामान फार लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग, ८ बाय ४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण (सुरुवातीला कुणाची तरी उसनी घ्या), वही, पेन्सिल. पेन्सिल यासाठी की पावसात शाई पसरते.

माणसं कुठं असतात

पुणं या बाबतीत फार नशीबवान आहे. कोरेगाव रोडला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं ऑफिस आहे, १९५५ पासून. आकुर्डीला प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहे. आघारकर संस्था, फर्ग्युसनचा आणि विद्यापीठाचा भूगर्भशास्त्र विभाग, डेक्कन कॉलेज जिथं उत्खननातल्या हाडांवरून कुठला प्राणी ते सांगणारी माणसं आहेत. या ठिकाणी व्याख्यानं होतात, बरीचशी सगळ्यांना खुली असतात, बोर्ड आणि वेबसाइट बघत राहा. व्याख्यान संपल्यावर लगेच पळू नका, खरं बोलणं चहाच्या वेळी होतं. देवरायांचंच बघा, पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात आपल्या मावळ-मुळशीकडच्या देवराया फिरून जो अभ्यास केला तो गावातल्या लोकांशी बोलल्याशिवाय झालाच नसता, देवाच्या नावाने राखलेलं रान कुणी, का, कुठल्या नियमाने राखलं हे गावकऱ्यालाच माहीत असतं.

म्हणून दुसऱ्या प्रकारची माणसं, त्यांना मी तितकंच जाणकार मानते. विहीर खोदणारे. खाणीतले दगडफोडे. मेंढ्या घेऊन फिरणारे धनगर. वनरक्षक. भिगवणचे नाववाले. कोकणात कालवं (खडकाला चिकटलेले शिंपले) काढणाऱ्या मावशी. यांच्याकडे डिग्री नसते पण आयुष्यभराची नजर असते, आणि चूक झाली तर त्यांचं पोट मारलं जातं, त्यामुळे ते बेफिकीर बोलत नाहीत.

एक उदाहरण सांगते. सासवडकडच्या एका विहीर खोदणाऱ्या काकांना मी विचारलं की पाणी लागणार हे कळतं कसं. ते म्हणाले आधी मुरूम लागतो, मग काळा पाषाण, तो कोरडा, त्यात सुरुंग लावायचा आणि पैसे घालवायचे, आणि मग जाळीचा भुसभुशीत दगड लागला की गारवा येतो. मी सरांना फोन करून सांगितलं तर ते इतके खूश झाले! कारण तेच ते, भोकांचा झिजलेला थर पाणी धरतो, घट्ट बेसाल्टमधून (म्हणजे लाव्हा गार होऊन झालेला हाच आपला काळा दगड) पाणी जायला फक्त भेगा असतात, आणि दोन लोटांच्या मधल्या सांध्यावर पाझर फुटतात. दोघांनी एकच गोष्ट सांगितली, एकाने कुदळ-फावड्याच्या भाषेत आणि एकाने पुस्तकाच्या. सिंहगडाकडे बघाल तेव्हा हे लक्षात ठेवा, सरळ तुटलेला कडा म्हणजे घट्ट लोट आणि मधले उताराचे टप्पे म्हणजे झिजणारे थर. दख्खनच्या या लाव्ह्याच्या थरांना ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात, त्यातला ट्रॅप हा शब्दसुद्धा पायऱ्यांवरून आलाय, स्वीडिश भाषेत जिन्याला तसं म्हणतात.

पहिला मेसेज कसा करायचा

छोटा. तुम्ही कोण, कुठं काय बघितलं, एक प्रश्न. फोटो पाठवताना दगडाशेजारी पेन किंवा नाणं ठेवा म्हणजे आकार कळतो, तारीख-वेळ-जागा लिहा, पक्षी असेल तर तो काय करत होता ते लिहा. "सर, पुण्यात बघण्यासारखं काय आहे?" असं विचारलंत तर उत्तर येणं अवघड. "सर, वाघोलीकडे खडीच्या ढिगात हा पांढरा पंख्यासारखा स्फटिक दिसला, बेसाल्टच्या पोकळीत होता, हा स्टिल्बाइट असू शकेल का आणि नसेल तर फरक कसा ओळखायचा?" असं विचारा, बघा कसं भरभरून उत्तर येतं. आपण ज्याला सरसकट गारगोटी म्हणून सोडून देतो त्यात किती प्रकार आहेत, आणि वाघोलीच्या खाणींमधलं निळंशार कॅव्हन्साइट तर जगभरचे खनिजप्रेमी ओळखतात. खाणीत मात्र मालकाला विचारल्याशिवाय आणि एकट्याने जाऊ नका, सुरुंगाची वेळ असते, बंद खाणीतलं पाणी प्रचंड खोल असतं.

उत्तर आलं नाही तर आठ-दहा दिवसांनी एकदा आठवण करा, मग सोडून द्या. प्रोफेसर मंडळींना परीक्षांच्या दिवसात गाठू नका, आणि नाववाल्याला, धनगराला त्याच्या कामाच्या ऐन घाईत तर अजिबातच नको.

प्रत्यक्ष बोलताना

इथं माझं सगळ्यात जास्त सांगणं आहे.

‘कशावरून?’ हा शब्द पाठ करा. समोरचा म्हणाला "हा कोल्हा होता", तर नम्रपणे विचारा, दादा कशावरून ओळखलं? उलटतपासणीच्या सुरात नको, शिकायचंय म्हणून. तो सांगेल शेपटीवरून, चालण्यावरून, ओरडण्यावरून, आणि ते ऐकायलाच तर आपण गेलोय. नाव एका सेकंदात मोबाईलवरचं ॲपही सांगतं. मर्लिन, आयनॅचरलिस्ट जरूर वापरा, मी रोज वापरते, पण ॲपला ‘कशावरून’ विचारता येत नाही.

आणि नावांचा घोळ फार असतो, तिथंही हाच शब्द कामाला येतो. आपण शहरातली माणसं फॉक्सला कोल्हा म्हणतो, पण कोल्हा म्हणजे जॅकल, फॉक्स म्हणजे खोकड. जुन्नरकडे उसाच्या शेतातून "वाघ गेला" असं कुणी म्हणालं तर तो बिबट्या असतो, तिकडे कित्येक जण बिबट्याला वाघच म्हणतात. हे माहीत नसेल तर तुम्ही एक तर घाबराल किंवा समोरच्याला खोटारडा समजाल. म्हणून स्थानिक नाव ऐकलं की ते तसंच्या तसं वहीत लिहा, मग अंगावर ठिपके की पट्टे, केवढा, कुठल्या वेळी, असं एकेक विचारत जा.

दुसरं, त्याला दाखवू द्या. बसून बोलण्यापेक्षा चालत बोलणं कधीही चांगलं, माणूस वस्तू बघितली की आठवायला लागतो. तो थांबला की तुम्हीही थांबा आणि मधली शांतता लगेच भरून काढू नका. एका वनरक्षकांबरोबर मयूरेश्वर अभयारण्यात, सुप्याजवळ, फिरत होते. जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं छोटं गवताळ अभयारण्य आहे ते, चिंकारांसाठी राखलेलं. ते एका झुडपापाशी थांबले आणि दोन-तीन मिनिटं काहीच बोलले नाहीत. मी तोंड उघडणार होते, गप्प राहिले. मग त्यांनी पायाने न हलवता काठीने खाली दाखवलं, लेंड्यांचा ढीग, काही काळ्या चकचकीत, काही सुकून करड्या झालेल्या. म्हणाले, "हे आपलं रोजचं ठिकाण हाय त्याचं. ताज्या बघा, काल रातच्या." चिंकारा एकाच जागी पुन्हापुन्हा येतो हे त्या ढिगाच्या दोन रंगांवरून वाचता येतं हे मला तिथं कळलं, आणि त्या दिवशी प्रत्यक्ष चिंकारा एकच दिसला, तोही लांब, पण मला काही कमी पडलं नाही.

रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी विचारा. दहा जणांचा ग्रुप घेऊन जाऊ नका, दोघं-तिघं पुरे. जो माणूस कामाचा वेळ मोडून तुमच्यासोबत येतो त्याला पैसे द्या, आधीच बोलून ठरवा, "चहापाण्याला" म्हणून शेवटी वीस रुपये पुढे करणं बरं दिसत नाही. तो नाही म्हणाला तर आग्रह करू नका, पण विचारायचं नक्की.

भिगवणला जाणार असाल तर

जाणारच आहात, सगळे जातात, तर नीट जा. भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये झालं आणि मागे जो फुगवटा पसरला त्याच्या कडेच्या उथळ पाण्यात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) यायला लागले. कुंभारगावचे मच्छीमार आज नावेतून पक्षी दाखवतात. नोव्हेंबर ते मार्च ठीक. नाववाल्या दादांना "फ्लेमिंगोजवळ न्या" एवढंच सांगितलंत तर ते नेतील, फोटो मिळेल, झालं. त्याऐवजी विचारा की पाणी उतरलं की पक्षी कुठं सरकतात, चिखलात काय खातात, नाव किती जवळ गेली की ते माना वर काढतात. पक्ष्यांनी खाणं थांबवून माना वर काढल्या म्हणजे आपण जास्त जवळ आलोय, हे अंतर त्या दादांना बरोब्बर माहीत असतं, त्यांना तिथंच थांबवू द्या. पट्टकदंब हंस दिसले तर ते हिमालय ओलांडून आलेत एवढं मनात आणून बघा.

कोकणात उतरताना: आधी तिथी बघा

पुण्याला समुद्र नाही, पण ताम्हिणी उतरून माणगावमार्गे हरिहरेश्वर साधारण पावणेदोनशे किलोमीटर. वाटेत एक लक्षात ठेवा, हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेवर जो काळा कातळ लाटा खातायत तो आपल्या टेकडीचाच भाऊबंद आहे, तोच बेसाल्ट. फक्त तिथं त्याला मधमाशीच्या पोळ्यासारखी छिद्रं पडलेली दिसतील, आणि ती लाव्ह्याच्या बुडबुड्यांची नव्हेत. खारं पाणी दगडात मुरतं, वाळतं, मिठाचे कण आत वाढतात आणि दगडाचे कण ढकलून बाहेर पाडतात. टेकडीवरची भोकं आणि इथली भोकं, दोन्हींचे फोटो शेजारीशेजारी ठेवून कुठल्याही भूगर्भवाल्याला दाखवा आणि फरक ‘कशावरून’ ते ऐका.

आता भरती-ओहोटी. मोबाईलवर वेळापत्रक मिळतं, ते बघाच, पण किनाऱ्यावरच्या लोकांचा हिशोब शिकून घ्या कारण तो आला की मावशी तुमच्याशी वेगळ्याच आपुलकीने बोलतात. तिथीला पाऊणने गुणायचं. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या आसपास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. शुक्ल असो की वद्य, सारखंच. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, तिकडे तिला सुकतीही म्हणतात. थोडं मागेपुढे होतं, पण अंदाज चुकत नाही. पौर्णिमा-अमावास्येला आणि पुढचे दोन-तीन दिवस उधाण असतं, तेव्हा पाणी जास्त चढतं आणि जास्त मागेही जातं, आणि खडकातली डबकी बघायला तेच दिवस चांगले. द्वितीयेचा हिशोब करा, भरती दीडला, म्हणजे सकाळी साडेसातच्या सुमाराला पाणी सगळ्यात मागे. सहाला खडकांवर पोचा, पाणी उतरत असताना आत जा आणि वळलं की बाहेर या. हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट भरतीला आणि पावसाळ्यात जीवघेणी आहे, तिथं माणसं वाहून गेलीयत, स्थानिक नको म्हणाले की नको.

डबक्यापाशी उकिडवं बसा आणि पाच मिनिटं हलू नका, तुमची सावली पाण्यावर पडू देऊ नका. आधी फक्त वाळू आणि दगड दिसतो. मग एक शंख चालायला लागतो, नीट बघितलं तर आत गोगलगाय नसून खेकडा असतो, दुसऱ्याचं घर पाठीवर घेतलेला. कडेला चिकटलेला तपकिरी लिबलिबीत गोळा हळूहळू पाकळ्या उघडतो, तो समुद्रफूल, प्राणी आहे तो. दगड उलटा करायचा मोह होतो, शक्यतो करू नका, केलाच तर होता तसाच परत ठेवा, खालच्या बाजूचे जीव उन्हात मरतात. आणि निमुळता, नक्षीदार, सुंदर दिसणारा शंकूसारखा जिवंत शंख हातात घेऊ नका, त्या गोगलगाईला विषारी काटा असतो.

कालवं काढणाऱ्या एका मावशींशेजारी मी असंच सकाळी बसले होते. त्यांचा हात थांबत नव्हता, बोलणं चालू होतं. मधेच त्या उठल्या आणि म्हणाल्या, "चल गो, पाणी वळला." मला तर काही दिसत नव्हतं. कशावरून मावशी? त्यांनी एका खाचेकडे बोट केलं, तिथं मघाशी पाणी स्थिर होतं, आता त्यातला शेवाळाचा एक धागा जमिनीच्या दिशेने झुकला होता. बस एवढंच. दहा मिनिटांत आम्ही बसलो होतो तो दगड ओला झाला होता.

मच्छीमारांशी निवांत बोलायचं असेल तर १ जून ते ३१ जुलै बघा. त्या दिवसात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या, माणसं सावलीत जाळी दुरुस्त करत बसलेली. समुद्र तेव्हा खवळलेला, खडकांवर जायचं नाही, पण ऐकायला याच्यासारखा वेळ नाही. नारळी पौर्णिमेनंतर त्यांना तुमच्यासाठी फुरसत मिळणं कठीण.

कासवांसाठी वेळास. हरिहरेश्वरहून बागमांडल्याला जायचं, फेरीबोटीने खाडी ओलांडून वेसवी, आणि पुढे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने २००२ मध्ये तिथं ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, गावाने साथ दिली, आज पर्यटक गावातल्या घरांतच राहतात. पिल्लं बाहेर पडायला अंडी घातल्यापासून साधारण ४५ ते ६० दिवस लागतात आणि वाळू किती तापली यावर नर होणार की मादी ते ठरतं. सकाळी पिल्लं दिसली नाहीत म्हणून गाडी काढून परत फिरणारे खूप बघितलेत मी. तुम्ही तसं करू नका. ज्या घरी उतरलाय तिथल्या माणसांना विचारा की पूर्वी अंड्यांचं काय व्हायचं, घरटं वाळूत सापडतं कसं, माग कसा ओळखतात. जेवणानंतर पडवीत बसून झालेलं ते बोलणं माझ्या अजून लक्षात आहे.

घरी आल्यावर

त्याच रात्री लिहून काढा, उद्यावर टाकलं की अर्धं जातं. कुणी सांगितलं, कुठं, आणि कशावरून, तिन्ही लिहा. मग तीच गोष्ट दुसऱ्या जाणकाराला विचारा. दोघांचं जमलं नाही तर घाबरू नका, मला सगळ्यात जास्त शिकायला तिथंच मिळालंय. टिटवीने उंचावर अंडी घातली की पाऊस जास्त, असं शेतकरी सांगतात, पक्षीवाल्यांचं मत वेगळं असतं, मी दोन्ही लिहून ठेवते आणि दरवर्षी माझ्या भागातली अंडी आणि पाऊस दोन्ही बघते.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. घुबडाची ढोली, पक्ष्याचं घरटं, खवल्या मांजराचं बीळ, यांची नेमकी जागा ग्रुपवर टाकू नका. मी एकदा आनंदाच्या भरात शृंगी घुबडाच्या जागेचा फोटो खुणेसकट टाकला होता, पुढच्या रविवारी तिथं गर्दी होती, आणि त्यानंतर ती जोडी मला त्या कपारीत पुन्हा दिसली नाही. ज्यांनी मला ती जागा दाखवली होती त्यांना हे सांगताना फार जड गेलं. जाणकाराने विश्वासाने दाखवलेली जागा त्याला विचारल्याशिवाय कुणालाही सांगायची नाही. शंख, पोवळी, पिसं, स्फटिक उचलून आणू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात यातल्या बऱ्याच गोष्टी येतात, आणि कायदा बाजूला ठेवला तरी तो रिकामा शंख उद्या एखाद्या खेकड्याला लागणार असतो.

शेवटी, परत जा. फोटो काढले असतील तर प्रिंट करून न्या, मोबाईलवर पाठवतो म्हणून कुणी पाठवत नाही. मावशींना मी त्यांच्या हातांचा, कालवं फोडतानाचा फोटो नेऊन दिला, तर त्यांनी पदराला हात पुसून तो घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "पुढच्या अमावास्येला ये, तिकडच्या खडकाव नेतंय तुका, तिथं कोण जात नाय." अमावास्येनंतरची द्वितीया रविवारी येतेय, मी हिशोब केलाय, साडेसातला सुकती.